ओल्या कडेची झाडं

आज बोलूया चिखलात आनंदानं वाढणाऱ्या झाडांबद्दल.

न्हाणीच्या पाण्यावरून शेजारी भांडण झालं नाही, असं घर विरळाच. आमच्या घरचं पाणी शेजारच्या मावशींच्या दारापुढे साचायचं. डास व्हायचे. शेवटी बोलणंच बंद झालं. मग मी परसात खड्डा खणला आणि तलावातली जांभळ्या फुलांची जलकुंभी आणून सोडली. एका पावसाळ्यात तिनं अख्खा खड्डा झाकला. वर वास, खाली डास! नागपूरच्या अंबाझरी तलावालाही याच जलकुंभीनं घेरलं होतं. माझ्या खड्ड्याची काय कथा?

तेव्हापासून झाड आणण्याआधी मी तीन प्रश्न विचारते.

पहिला, पाणी कसलं? न्हाणीचं, भांड्यांचं असेल तर कर्दळ लावा. आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेची ‘फायटोरिड’ नावाची पद्धत आहे. तिच्यात सांडपाणी गिट्टीच्या थरातून सावकाश जातं. वर कर्दळ, पाणकणीस अशी झाडं असतात आणि त्यांच्या मुळांशी राहणारे जिवाणू घाण खातात. पाणी गिट्टीखालून वाहतं, उघडं साचत नाही, म्हणून डासांना अंडी घालायला जागा मिळत नाही. घरी आपण याचं साधं रूप करू शकतो. हातभर खोल चर खणा, गिट्टी भरा, दीड-दीड फुटावर कर्दळीचे डोळे असलेले कंद लावा आणि चराचं तोंड केळीकडे काढा. संडासाचं पाणी मात्र यात सोडू नका. या चरात खायची किंवा औषधाची झाडंही नकोत.

दुसरा प्रश्न, पाणी किती खोल? विहिरीजवळ, हातपंपाजवळ स्वच्छ पाणी सांडतं. तिथल्या ओल्या काठावर अळू लावा. चिखलात, जिथे पाणी बोट-दोन बोटं उभं राहतं, तिथे वेखंडाच्या मुळ्यांचे तुकडे फूटभर अंतरानं खोचा. ब्राह्मीची वीतभर फांदी चिखलात टेकवली तरी पेरापेराला मुळं फुटतात. लागवड मृगाच्या पावसानंतर करा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा चिखल सुकू देऊ नका. आणि घरचं असलं तरी वेखंड बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

तिसरा प्रश्न, झाड किती पसरतं? पाणकणीस जमिनीखालून पळतं. ते जुन्या बादलीत लावून बादलीच चिखलात पुरा. जलकुंभी आणि बेशरम आणूच नका. गोंदिया जिल्ह्यातल्या मामा तलावांत ढिवर समाजाच्या बायांनी बेशरम उपटून तिथल्याच पाणवनस्पती पुन्हा लावल्या, कारण मासे त्यांच्याच आसऱ्यानं वाढतात. हजारो वर्षं इथे रुजलेलं झाड, तेच आपलं.

उघडं पाणी असेल तर त्यात गप्पी मासे सोडा. ते आरोग्य केंद्रात विचारले तर मिळतात. पण नैसर्गिक तलावात, नाल्यात मात्र ते सोडू नका. घरात लहान मूल असेल तर उघडा खड्डा ठेवूच नका. गिट्टीचा चरच बरा.

आता आमच्या चरावर लाल-पिवळी कर्दळ फुलते. गेल्या पोळ्याला मावशी कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, “दोन कंद दे गं मला.” मी चार दिले.