केबल, गँग आणि मोटर न्यूरॉन
(उत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मी सिग्नल खात्यातला डिप्लोमा इंजिनिअर, डॉक्टर नव्हे. पण विषय केबलचा आहे, म्हणून धीर केला. पाठीच्या कण्यातून निघून पायाच्या स्नायूपर्यंत जाणारी एकच पेशी जवळजवळ एक मीटर लांब असते. केबिनपासून पॉइंट मशीनपर्यंत टाकलेली केबलच म्हणा ना! एएलएस या आजारात याच मोटर न्यूरॉन पेशी मरत जातात. आधी हातातला चमचा गळतो, मग चालणं, गिळणं, शेवटी श्वास. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली निदान झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले, पण तो अपवाद. बहुतेकांना लक्षणं दिसल्यापासून दोन ते पाच वर्षंच मिळतात.

१९९३ साली काही घराण्यांत एसओडी-१ या जनुकातला दोष सापडला. तेव्हा वाटलं, केबलच आतून खराब. पण २००६ साली उंदरांमध्ये हाच दोष मायक्रोग्लिया, म्हणजे मज्जासंस्थेतल्या पहारेकरी पेशींमधून कमी केला, तर आजाराची पुढची चाल मंदावली. म्हणजे दुरुस्तीला गेलेली गँगच चालू केबलवर कुदळ मारत होती. (आपल्याला हे नवीन नाही!)

मग गँगच बंद करावी? मिनोसायक्लिन हे दाह कमी करणारं औषध ४१२ रुग्णांवर तपासलं. २००७ साली निकाल आला: औषध घेणाऱ्यांची प्रकृती जास्त वेगाने ढासळली.

२०१६ सालचं संशोधन तर उलटंच सांगतं. किडनी बदलताना जुळवून पाहतात ती एचएलए कुळातली प्रथिनं मोटर न्यूरॉनच्या अंगावर असतात. आजारात ती घटतात आणि शेजारच्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींच्या विषापुढे न्यूरॉन उघडा पडतो. प्रयोगशाळेत एचएलए-एफ हे एकच प्रथिन वाढवल्यावर मानवी न्यूरॉन वाचले. प्रतिकारसंस्थेचंच प्रथिन, पण इथे ढाल!

हे सांगायचं कारण, आपल्या एका आजारी सहकाऱ्याच्या घरी ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ पावडरींचे डबे साचलेत. प्रेमापोटी आपणच नेऊन दिलेत. यातलं काय वाढवायचं, काय कमी करायचं आणि कधी, हे अजून संशोधकांनाही ठरवता आलेलं नाही. डबा काय ठरवणार? त्यापेक्षा रिलुझोल चुकू देऊ नका. ते काही महिनेच देतं, पण देतं. श्वासाची तपासणी वेळेवर करा, रात्री मास्कचं यंत्र लागलं तर घाबरू नका. आणि न्यूरॉलॉजिस्टकडे जायला सोबत हवी असेल, तर माझी रविवारी सुट्टी असते. इतर दिवशी रजा टाकेन.