क्रीडांगणावरील प्रेक्षक व शाळेचे कर्तव्य



१५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ या उपक्रमात राज्यभरातील शाळांची मुले फुटबॉल खेळली. कबड्डी व खो-खो यांवर वाढलेल्या खेड्यांतील कित्येक शाळांत हा चेंडू प्रथम आला तो त्याच सुमारास. मुलांना खेळाचे नियम शिकविले गेले. चुन्याच्या रेषेबाहेर उभे राहणाऱ्यांना मात्र कोणी काहीच शिकविले नाही.

तेथे उभे असते अर्धे गाव. सामना रंगात आला की प्रथम पंचाचा उद्धार होतो, मग प्रतिस्पर्धी गावाचा. आणि आपला संघ हरू लागला म्हणजे एखाद्या मुलाच्या वस्तीचा, जातीचा, काळ्या वर्णाचा उच्चार होतो. मुलींचा संघ उतरला तर त्यांच्या पोशाखावर बोलणे होते. बोलणारे दोघेतिघेच असतात, हसणारे पुष्कळ. अकरा वर्षांच्या मुलाला मात्र सारे मैदानच आपल्याला हसले असे वाटते आणि पुढच्या सामन्याला तो पोटदुखीचे निमित्त सांगतो. संघातून त्याचे नाव गळते ते खेळ कमी पडला म्हणून नव्हे.

असल्या बोलण्याला गंमत म्हणण्याची रीत आहे. मोठ्या मैदानांनीही ती पाळली. पुढील उदाहरण क्रिकेटचे आहे. पण ते घरचे आहे, म्हणून सांगावयास हवे. ऑक्टोबर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला असता कृष्णवर्णीय खेळाडू अँड्र्यू सायमंड्स यास पाहून वडोदऱ्याच्या प्रेक्षकांनी माकडाचे आवाज काढल्याची तक्रार झाली. तो गैरसमज ठरवून झटकण्यात आला. १७ ऑक्टोबरला मुंबईच्या वानखेडे मैदानावर तेच घडले. परंतु या वेळी छायाचित्रे निघाली आणि नाकारावयास जागा उरली नाही. काही प्रेक्षकांवर पोलीस कारवाई झाली. जवळ बसलेल्यांनी ते आवाज आधी ऐकले नव्हते काय? फुटबॉलवेड्या केरळात, मलप्पुरम जिल्ह्यातील अरीकोड येथे मार्च २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टहून आलेल्या एका खेळाडूस वर्णावरून शिवीगाळ झाली व प्रेक्षकांनी त्यास पाठलाग करून मारले.

नामदेवांना कीर्तनाच्या जागेवरून उठविल्याची औंढा नागनाथाची आख्यायिका हिंगोली जिल्ह्यातील पोरही जाणते. देऊळ फिरले एवढेच त्यास सांगितलेले असते. उठविणारे उठवीत असता भोवतालची मंडळी काय करीत होती, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो.

जागतिक फुटबॉलने याकरिता तीन पायऱ्यांची पद्धत घालून दिली आहे: पंचाने प्रथम खेळ थांबवून सूचना द्यावी, अपशब्द चालूच राहिल्यास खेळाडूंना काही काळ मैदानाबाहेर न्यावे, तरीही न थांबल्यास सामना सोडून द्यावा. शाळेच्या मैदानावर यास ध्वनिक्षेपकही लागत नाही. पंच शिक्षकच असतो, शिट्टी त्याच्याच गळ्यात असते. अडचण निराळीच असते. रेषेबाहेर सरपंच असतात, शालेय व्यवस्थापन समितीचे सदस्य असतात, कधी शिक्षकाचे सोबतीही असतात. त्यांच्यादेखत खेळ थांबविणे जिवावर येते. जातीवाचक शिवीगाळ १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरते हे सर्वांस ठाऊक असते. परंतु पोलीस ठाण्यापर्यंत जाण्यापूर्वीच पुष्कळ काही करता येते, आणि ते शिक्षकच करू शकतो.

सामन्यापूर्वी दोन्ही गावच्या मंडळींस एकदा स्पष्ट सांगावे की अमुक प्रकारचे शब्द आल्यास शिट्टी वाजेल. वाजल्यावर वेळ वाढवून देऊ नये; नुकसान सर्वांचे व्हावे, म्हणजे शेजारीच शेजाऱ्यास आवरील. ज्या मुलावर शब्द आला त्यास सर्वांसमक्ष काही विचारू नये, ‘जाऊ दे रे’ असेही म्हणू नये. त्यास खेळातून काढून सावलीत बसविणे म्हणजे शिक्षा त्यालाच देणे होय. सायंकाळी त्याच्या घरी जाऊन आईवडिलांस भेटावे. नोंदवहीत कोणत्या बाजूने काय बोलले गेले व खेळ किती वेळ थांबला हे लिहावे, मुलाचे नाव लिहू नये. आणि पुढच्या सामन्याच्या संघात ते नाव आहे की नाही, हे शिक्षकाने यादी लावण्यापूर्वी स्वतः पाहावे.