झाडाचा ब्लॉक
(मंडळाच्या सभेतील भाषण)



मी काही कृषितज्ज्ञ नाही. रेल्वेत ओव्हरहेड तारांचं काम पाहणारा डिप्लोमा इंजिनिअर. २५,००० व्होल्टच्या तारेजवळ आलेल्या फांद्या पाडणं हा आमच्या नोकरीचाच भाग. त्यामुळे छाटणी आपल्याला येते, असा माझा समज होता. तो घरच्या आंब्यानं उतरवला.

बाबा स्टील प्लांटमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या अंगणात दशहरीचं कलम लावलं. पुढे फांद्या छपरावर आल्या. एका डिसेंबरात मला आठवडाभर रजा मिळाली आणि मी झाड चारी बाजूंनी छाटलं. "आत्ता नको रे," बाबा म्हणाले. मी ऐकलं नाही. फेब्रुवारीत शेजारपाजारचे आंबे मोहरले. आमच्या झाडावर नुसती तांबूस पालवी. आंब्याला मोहोर येतो तो काही महिने जून झालेल्या शेंड्यांवर. नेमके तेच मी कापले होते. बाबा रागावले नाहीत. "तू तुझी रजा पाहिलीस, झाडाची वेळ नाही पाहिलीस," एवढंच बोलले. पुढच्या वर्षी मोहोर आला, पण तो पाहायला बाबा नव्हते.

रेल्वेत ब्लॉक मिळाल्याशिवाय, म्हणजे गाड्या थांबवून कामाची वेळ ठरल्याशिवाय, आम्ही तारेला हात लावत नाही. झाडाचाही असा ब्लॉक असतो.

आंब्याचा ब्लॉक फळं उतरल्यावर लगेच, जून-जुलैत. गर्दी करणाऱ्या, आत वळलेल्या फांद्या काढून मध्ये ऊन जाऊ द्यावं. पेरूला फळ येतं नव्या फुटीवर. एप्रिल-मेमध्ये शेंडे छाटले की पावसाळ्यातला अळ्यांचा, पाणचट बहार टळतो आणि थंडीत गोड पेरू मिळतात. सीताफळाची छाटणी पानं गळून झाड विश्रांतीत असताना, नवी पालवी फुटण्यापूर्वी. लिंबाला कात्री कमीच. वाळलेल्या आणि खोडातून सरळ वर जाणाऱ्या वांझ फांद्या तेवढ्या काढाव्यात.

जाड फांदी आधी खालून थोडी कापावी, मग वरून. नाहीतर ती सालपट सोलत खाली येते. जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. लोखंडी भांडं वापरू नये. आपल्याकडचा उन्हाळा ध्यानात घेऊन उघडं पडलेलं खोड चुन्यानं रंगवावं; नाहीतर साल भाजून तडकते.

आपल्यापैकी बरेच जण क्वार्टरमध्ये राहतात. झाड लावलं एकानं, छाटायचं आपण आणि बदलीनंतर फळं खाणार तिसराच. म्हणून काय झालं? आपणही कुणाच्या तरी झाडाची फळं खाल्लीच आहेत.

या गणपतीत आंब्याची वाळकी फांदी तेवढी काढा, बाकी हात लावू नका. येत्या मे महिन्यात पेरू छाटायला कुणाला मदत हवी असेल, तर हाक मारा. सिकेटर घेऊन येईन. रजा नसली तरी!

गणपती बाप्पा मोरया!