गॅस संपत नाही, गळतो

(वसंत व्याख्यानमालेत तळोजा येथे दिलेलं व्याख्यान)



मार्च उजाडला की तळोज्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: ‘एसीचा गॅस संपलाय, कुणाकडे चांगल्या माणसाचा नंबर आहे का?’ नंबर मिळतो, माणूस येतो, गेज लावतो, गॅस भरतो, पैसे घेऊन जातो. पुढच्या मार्चला तोच प्रश्न, पुष्कळदा त्याच घरातून. आज मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. एसीतला गॅस संपत नाही. तो जळत नाही, झिजत नाही, खर्च होत नाही. कमी झाला असेल तर तो गळला आहे. गळती न शोधता वरून गॅस भरण्यात पैसे जातातच, पण हल्लीच्या गॅसांमुळे जिवालाही धोका होऊ शकतो.

हे पटण्यासाठी यंत्र कसं चालतं ते पाहू. एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, म्हणजे तो उष्मापंप आहे. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं, हे आपल्याला ठाऊक आहे. एसीचा सगळा कारभार याच नियमावर चालतो. आजच्या बहुतेक यंत्रांत आर-32 नावाचा गॅस असतो. उघड्या हवेच्या दाबाला तो उणे 52 अंशांना उकळतो. आतल्या कॉइलमध्ये त्याचा दाब 11 बारच्या आसपास ठेवला की तो 10 अंशांना उकळतो आणि उकळताना खोलीतली उष्णता ओढून घेतो. मग बाहेरचा कॉम्प्रेसर त्याला दाबून 30 बारच्या घरात नेतो. त्या दाबाला तो 50 अंशांच्या जवळपास पुन्हा द्रव होतो आणि घेतलेली उष्णता बाहेरच्या हवेत सोडतो. बाहेर 36 अंश असले तरी 50 अंशांच्या कॉइलला ती हवा गारच वाटणार. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून दाब उतरतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

दीड टनी यंत्र खोलीतून साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता काढतं आणि त्यासाठी दीड किलोवॅटच्या आसपास वीज घेतं. बाहेर पडते ती या दोन्हींची बेरीज. म्हणून आपल्या इमारतींच्या डक्टमध्ये एकावर एक टांगलेली युनिटं पाहिली की मला वाईट वाटतं. खालच्याने सोडलेली गरम हवा वरचा ओढतो, वरच्याची त्याच्याही वरचा. बिल वाढतं आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं.

हाच फेरा उलटा फिरवला की घर तापतं. लॉर्ड केल्विन यांनी 1852मध्येच ही कल्पना मांडली होती. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलांच्या घरी बागेत जी पंख्याची पेटी दिसते, ती बहुधा हीच. आत एक फोर-वे व्हॉल्व्ह असतो आणि तो गॅसची दिशा बदलतो. आपल्याला इथे घर तापवायची गरज नाही. पण हवेतली उष्णता घेऊन आंघोळीचं पाणी तापवणारे उष्मापंप आपल्या दमट, उबदार हवेत फार चांगले चालतात. साध्या गीझरच्या मानाने वीज तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लागते. हॉटेलं आणि वसतिगृहं ते वापरतातच, सोसायट्यांनीही विचार करावा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा फेरा पूर्ण बंद आहे. कारखान्यातून जेवढ्या वजनाचा गॅस येतो, तेवढाच शेवटपर्यंत राहायला हवा. ते वजन बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. दीड टनाला साधारण किलोभर किंवा त्याहून थोडं कमी. मग तो जातो कुठे? एक तर नळीच्या सांध्यावरचा फ्लेअर नट नीट आवळलेला नसतो, किंवा कॉइलला भोक पडलेलं असतं.

कॉइलचं दुखणं आपल्या गावात विशेष आहे. शेजारी रसायनांची एमआयडीसी, रात्री येणाऱ्या उग्र वासाच्या वर्षानुवर्षांच्या तक्रारी, कासाडी नदीची अवस्था, 2017च्या ऑगस्टमध्ये निळ्या पडलेल्या कुत्र्यांची जगभर गेलेली छायाचित्रं, हे तुम्हाला मी सांगायला नको. गंधकयुक्त वायू तांब्याला काळं करतात, त्यात खाडीकडची दमट हवा. शिवाय एक कारण घरातलंच आहे. नव्या फ्लॅटमधल्या नव्या प्लायवूडच्या फर्निचरमधून, डिंकातून आणि काही साफसफाईच्या द्रवांतून आम्लाचे सूक्ष्म अंश हवेत येतात. बंद खोलीत, ओल्या कॉइलवर ते तांब्याच्या आत मुंग्यांच्या वारुळासारखे बोगदे पाडतात. वरून नळी शाबूत दिसते आणि भोक डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो तेलाचा डाग. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. कॉइलच्या कडेला, यू आकाराच्या वळणांपाशी बोटाला चिकट, काळसर थर लागला, तर गळती तिथेच आसपास शोधावी.

शोधायची रीत ठरलेली आहे. उरलेला गॅस काढून घ्यायचा, नायट्रोजन भरून दाब ठेवायचा, सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं आणि शंका असेल तर रात्रभर गेजचा काटा हलतो का ते पाहायचं. नायट्रोजनच. ऑक्सिजन कधीही नाही, कारण तेलाशी गाठ पडली की त्याचा स्फोट होतो. डाग देताना, म्हणजे ब्रेझिंग करताना, नळीत गॅस उरलेला नसावा. ज्योतीने हे गॅस फुटून विषारी, जहाल आम्ल तयार होतं. मग व्हॅक्यूम पंप लावायचा, आणि तो पाच मिनिटं नाही, गेज खाली येऊन तिथेच टिकेपर्यंत. आपल्या पावसाळी हवेत नळीत ओलावा राहिला तर तेल तो शोषतं आणि आतून आम्ल बनवत राहतं. शेवटी गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. नुसता ‘प्रेशर बघून’ भरणाऱ्याला नम्रपणे थांबवा.

आता धोक्याविषयी, न घाबरवता. जुना आर-22 जळत नव्हता, पण ओझोनला घातक होता. आर-32 मंदपणे पेट घेऊ शकतो. काही यंत्रांत आर-290 असतो, म्हणजे प्रोपेन, आपल्या सिलिंडरमधलाच एक वायू, फक्त इथे त्याला वास घातलेला नसतो. आर-32 पेटायला हवेत त्याचं प्रमाण 14 टक्क्यांच्या आसपास लागतं. दहा बाय बाराच्या खोलीत किलोभर गॅस सारखा पसरला तरी ते दोन टक्क्यांच्या आत राहतं. प्रोपेनला मात्र दोन टक्के पुरतात, म्हणून तो यंत्रात कमी भरलेला असतो. दोन्ही हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचणारे. म्हणून दुरुस्ती चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा, देवापुढचा दिवा आणि गॅसची शेगडी बंद ठेवा. आणि आर-22च्या जुन्या यंत्रात ‘स्वस्त पडतो’ म्हणून ज्वलनशील गॅस भरू देऊ नका. ते यंत्र त्यासाठी बनवलेलंच नाही.

सर्वांत दुर्लक्षित धोका घर बदलताना असतो. इथे भाड्याची घरं पुष्कळ, अकरा महिन्यांनी करार संपतो आणि एसी सामानाबरोबर निघतो. काढताना ‘पंप डाउन’ करतात: द्रवाच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करून यंत्र चालू ठेवायचं, सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करायचा, मग दुसरा व्हॉल्व्ह बंद करून यंत्र थांबवायचं. या वेळी नळी सैल असेल किंवा कुठे गळती असेल, तर कॉम्प्रेसर हवा ओढतो. हवा आणि तेलाची वाफ दाबली गेली की डिझेल इंजिनात होतो तसा भडका आत होतो आणि कॉम्प्रेसर फुटतो. माणूस त्याच्या फूटभर अंतरावर बसलेला असतो. म्हणून यंत्र गळतं असेल तर पंप डाउन करायचंच नाही, गॅस रिकव्हरी मशीनने काढायचा. आणि नट सोडण्याआधी यंत्र आणि एमसीबी दोन्ही बंद हवेत.

घरच्यांनी करायचं काम थोडं आहे. मोसमात दर पंधरवड्याला एमसीबी पाडून फिल्टर धुवा. बाहेरच्या युनिटपुढे कपडे, भंगार नको. स्वतंत्र वायरिंग, अर्थिंग आणि आरसीसीबी हवं. एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणं म्हणजे भिंतीतली वायर पेटायची सोय करणं. बाहेरचं युनिट मात्र स्वतः उघडू नका, वीज बंद केली तरी कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असतो.

आणि तो माणूस, जो सज्ज्याच्या अर्ध्या फुटावर, कधी बाराव्या मजल्यावर, कमरेला काही न बांधता उभा असतो? आपण आतून त्याला पाना देतो आणि ‘सांभाळून हं’ म्हणतो. एवढ्यावर भागणार नाही. 2019च्या भारताच्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. प्रमाणपत्र मागा, ते असेल तर त्याचा मान ठेवा. पण बेल्ट अडकवायला भिंतीत पक्की कडी बसवणं हे सोसायटीचं काम आहे. माझी समिती सदस्यांना विनंती आहे की येत्या सर्वसाधारण सभेत दोन ठराव करा: बेल्टशिवाय कुणीही सज्ज्यावर उतरणार नाही, आणि गळती शोधल्याशिवाय कुठल्याही घरात गॅस भरला जाणार नाही. नायट्रोजनचा आणि व्हॅक्यूमचा वेळ धरून जो जास्त पैसे सांगतो, त्याला ते द्या.