रोप घेण्याआधी माती विचारा



नवे झाड दाखवून एकरी उत्पन्नाचे आकडे सांगणारे गावात नेहमीच येतात. २००३ नंतर मोगली एरंडाच्या डिझेलचा देशभर गाजावाजा झाला आणि विरलाही. म्हणून आज एका परदेशी झाडाच्या निमित्ताने, झाड पारखायचे कसे, ते आपण बोलू.

ब्राझीलच्या मध्यभागी सेर्रादो नावाचा गवताळ माळ आहे, सुमारे २० लाख चौरस किलोमीटरचा. मे ते सप्टेंबर तिथे पाऊस जवळजवळ नसतो, गवताला वणवे लागतात. या माळावर ताडाच्या कुळातली ठेंगणी झाडे बेटे करून वाढतात. सियाग्रस फ्लेक्सुओसाला एकाच बुडातून अनेक खोडे फुटतात. आलागोप्टेरा कॅम्पेस्ट्रिसचे खोड तर जमिनीतच राहते, वर नुसत्या झावळ्या. वणव्यात झावळ्या जळतात. मातीखालचा कोंब वाचतो आणि पुन्हा फुटतो.

लावायचे कसे? बी टणक, उगवायला कित्येक महिने लागतात. माती रेताड, निचऱ्याची हवी. ऊन भरपूर हवे. पिशवी खोल घ्यावी आणि लावताना मुळे दुखवू नयेत. वाढ फार सावकाश. फळे तिथले लोक खातात, पण शेतभर लावून घर चालावे असे हे पीक नाही.

आता आपली कपाशीची काळी जमीन पाहा. चुनखडीची, पावसाळ्यात पाणी धरणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. सेर्रादोची माती आम्लधर्मी, स्फुरदाने गरीब, पाण्याचा झटकन निचरा करणारी. दोन्ही अगदी उलट. झाड दुष्काळ सोसते म्हणजे आपल्याकडे पिकेल, हा हिशेब खोटा. हौस असेल तर मुरमाड बांधावर दोन लावा. कर्ज काढून एकर लावू नका.

खरा धडा पुढेच आहे. हा माळ एकेकाळी शेतीला निकामी समजला जाई. १९७३ साली तिथे एम्ब्रापा ही सरकारी संशोधन संस्था निघाली. मातीला चुना आणि स्फुरद दिले, तिथे टिकतील असे वाण काढले. या कामाबद्दल पाओलिनेली, लोबातो आणि मॅक्लंग यांना २००६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २०२३-२४ च्या हंगामात ब्राझीलने कापूस निर्यातीत अमेरिकेला मागे टाकले. आपला कापूस ज्या गाठींशी बाजारात झुंजतो, त्यातल्या बऱ्याच याच माळावरच्या. त्याची किंमतही मोजली गेली: माळाचे जवळपास अर्धे मूळ रान गेले, आणि त्यासोबत या झाडांची बेटेही.

तेव्हा रोप विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारू. झाड कोणत्या मातीतले? पहिले उत्पन्न कितव्या वर्षी? घेणारा कोण, आणि भाव लेखी देणार का? चौथा प्रश्न सरकारला: आमच्या मातीवर, आमच्या कोरडवाहू ज्वारी-कपाशीवर एवढी मेहनत कधी घेणार?

उत्तर मिळेपर्यंत खिशात हात घालायचा नाही.