डोंगराचे यजमानपद

बुलढाणा जिल्ह्याच्या अंगावर दोन डोंगर आहेत. एक अजिंठ्याच्या रांगेचा, ज्याच्या माथ्यावर खुद्द बुलढाणा शहर वसले आहे आणि जेथून राजूर किंवा बोथा घाट उतरला की पूर्णेचे खोरे लागते. दुसरा उत्तरेचा सातपुडा. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या वरच्या अंगाला भिल, भिलाला, बारेला, निहाल, कोरकू यांची जी खेडी आहेत, ती या दुसऱ्या डोंगराची. पहिल्या डोंगरावर कचेऱ्या आल्या, दुसऱ्यावर वर्षानुवर्षे फक्त वनरक्षक आला. आता त्याच्यामागोमाग आणखी एक पाहुणा येण्याची चिन्हे आहेत. तो म्हणजे मैदानी क्रीडामहोत्सव.

या पाहुण्याचे स्वागत करावे की त्याला वाटेतच अडवावे, असा प्रश्न कार्यकर्त्यांपुढे उद्या उभा राहील. साताऱ्याच्या डोंगरावर २०१२ पासून अर्धमॅरेथॉन धावली जाते. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. काश्मिरात गुलमर्गला २०२० पासून ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा भरतात. सातपुड्यात बर्फ पडत नाही, एवढाच काय तो फरक. पण धावणे, सायकली, दोराने कडा उतरणे यांसाठी बर्फ लागत नाही. तेव्हा प्रश्नाचा विचार आधी झालेला बरा.

अशा कार्यक्रमांच्या पत्रकांत ‘यजमान’ हा शब्द हमखास असतो. अमुक गाव स्पर्धेचे यजमान आहे, असे छापले जाते. मराठीत यजमान कोणाला म्हणतात? ज्याचे घर, जो कोणाला बोलवायचे ते ठरवतो, किती पाने मांडायची ते ठरवतो आणि वेळ आली तर ‘या वर्षी जमणार नाही’ असे सांगू शकतो, त्याला. ज्याच्या अंगणात दुसऱ्यानेच पंगत मांडली आणि जो स्वतः उष्टी काढायला उभा राहिला, त्याला यजमान म्हणत नाहीत.

या संदर्भात उत्तराखंडातील औलीचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. जोशीमठाच्या वर, सुमारे ४ किलोमीटर लांबीच्या रोपवेने जोडलेले हे उतार. येथे जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतील स्कीइंगच्या शर्यती झाल्या. पुरेसे बर्फ पडेल याची खात्री निसर्ग देईना, म्हणून कृत्रिम तळे खोदून, यंत्रांनी पाणी फवारून बर्फ तयार करण्याची व्यवस्था उभी करण्यात आली. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत तेथील आंतरराष्ट्रीय शर्यत बर्फाअभावी रद्द करावी लागली. त्याच्या महिनाभर आधी, जानेवारी २०२३ मध्ये, खालच्या जोशीमठात जमीन खचू लागली होती. ८०० हून अधिक इमारतींना तडे गेले, शेकडो कुटुंबे घराबाहेर पडली आणि तो रोपवेही बंद झाला.

औलीच्या शर्यतींनी जोशीमठ खचले, असे कोणी म्हणेल तर ते अप्रामाणिक ठरेल. जुन्या दरडीच्या मलब्यावर वसलेले गाव, सांडपाण्याची नीट नसलेली सोय, बेसुमार बांधकाम, जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्याविषयीचा स्थानिकांचा आक्षेप, अशी ही गुंतागुंत आहे. मुद्दा निराळा आहे. हे गाव जुन्या दरडीवर उभे आहे, येथे जड बांधकामे करू नका, असे गढवालचे आयुक्त मिश्रा यांच्या समितीने १९७६ मध्येच लिहून ठेवले होते. तो अहवाल असताना हॉटेले चढत गेली, कारण पाहुणे चढत होते. जवळच्याच रैणी गावच्या बायकांनी १९७४ मध्ये गौरादेवींच्या पुढाकाराने झाडांना कवटाळून ठेकेदाराला परत पाठवले होते. म्हणजे डोंगर कशाने ढासळतो हे तेथील निरक्षर बाईला आयुक्तांच्याही आधी ठाऊक होते. ते तिला कोणी विचारले नाही. त्याच रैणीवर ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेचा लोंढा आला.

विचारले असते तर काय झाले असते, याचा दाखला परदेशात सापडतो. १९७६ च्या हिवाळी ऑलिंपिकचे यजमानपद अमेरिकेतील डेन्व्हर शहराला १९७० मध्ये मिळाले होते. डोंगर कापावे लागतील, खर्च जनतेच्या माथी येईल आणि नफा जमिनीच्या दलालांना होईल, हे ओळखून कोलोरॅडो राज्यातील लोकांनी हा प्रश्न मतपेटीत नेला आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये सरकारी पैसा देण्यास स्पष्ट नकार दिला. स्पर्धा ऑस्ट्रियातील इन्सब्रुकला गेल्या. पुढे २०१३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतानेही मतदानाने असाच नकार दिला, आणि स्कीइंग हा तर त्या लोकांचा घरचा खेळ! खेळाशी त्यांचे भांडण नव्हते. हिशेबाशी होते.

आपल्याकडे खेळाच्या जत्रेचा अनुभव नाही असेही नाही. विदर्भातला शंकरपट हा याच मातीतला उत्सव. पीक निघालेले शेत, धावपट्टी आखणारे गावकरी, चहा-भज्यांची दुकाने गावातल्याच माणसांची, बक्षिसाची वर्गणी गावातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा ग्राह्य धरला. शंकरपटाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. बैलाचे हाल, पैजा, मोठ्या बागायतदारांचा बडेजाव आणि स्त्रियांना दिलेली प्रेक्षकाची, तीही दूरची जागा, हे सारे तेथे आहे. परंतु तेथे गाव खरोखर यजमान असते. दुसऱ्या दिवशी शेताचा बांध फुटलेला दिसला तर कोणाची कॉलर धरायची, हे शेतकऱ्याला माहीत असते. शहरातून आलेल्या संयोजक कंपनीची कॉलर सातपुड्यातल्या माणसाने कोठे शोधायची?

येथे बुलढाण्याची एक खास अडचण ध्यानात घेतली पाहिजे. पूर्वेस अमरावती जिल्ह्यातील मेळघाट अनुसूचित क्षेत्रात आहे. पश्चिमेस जळगाव जिल्ह्यातील सातपुड्याचा काही भागही आहे. मधला बुलढाण्याचा पट्टा मात्र त्या यादीत नाही. डोंगर तोच, जमाती त्याच, पण १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले अधिकार जिल्ह्याच्या हद्दीशी येऊन थांबतात. हातात उरतो तो २००६ चा वनहक्क कायदा. त्याखाली सामूहिक वनहक्क मिळवलेल्या ग्रामसभेला आपल्या जंगलाच्या रक्षणाचा व व्यवस्थापनाचा अधिकार आहे. म्हणून ज्या गावाचे सामूहिक दावे दाखल झालेले नाहीत किंवा कचेरीत धूळ खात आहेत, तेथे महोत्सवाच्या चर्चेआधी दाव्याची फाईल हलवणे हे कार्यकर्त्याचे पहिले काम ठरते. कमान उभी राहिल्यावर हक्क मागणाऱ्याला विघ्नसंतोषी म्हणतात.

जंगलाचाही शब्द आहेच. अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. बोथ्याच्या बाजूला ज्ञानगंगा अभयारण्य आहे. टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून २०१९ च्या डिसेंबरात या ज्ञानगंगेत पोचला होता. इतकी मोठी दौड या जिल्ह्यात दुसऱ्या कोणी पुरी केल्याचे ऐकिवात नाही, आणि त्याला वाटेत ध्वनिक्षेपक लागला नाही म्हणूनच ती पुरी झाली. गुराख्याला ज्या रानात शिरताना पावती लागते, तेथे रात्रीच्या शर्यतीला परवाना सहज मिळू लागला, तर त्या न्यायाचा जाब विचारावाच लागेल.

आणि मूळ गोष्ट, खेळ. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या आदिवासी कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. बीडच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे २०२३ च्या आशियाई स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये सुवर्ण घेऊन आले. लहानपणी शाळेचे अंतर पायी तोडलेला हा मुलगा. बुलढाण्याचे प्रथमेश जावकर त्याच स्पर्धेत कंपाऊंड तिरंदाजीच्या सुवर्णविजेत्या संघात होते. यांपैकी कोणालाही रोषणाईच्या महोत्सवाने घडवले नाही. मैदान, गुरुजी किंवा प्रशिक्षक, वेळेवर पोटभर जेवण आणि सैन्यातली वा सरकारी एखादी नोकरी, यांवर ही पदके उभी आहेत. सातपुड्यातल्या मुलामुलींच्या हातात तिरकमठा पिढ्यान्‌पिढ्या आहे. कंपाऊंड धनुष्याची किंमत मात्र लाखांच्या घरात जाते. आश्रमशाळेला क्रीडाशिक्षक नेमणे कोणत्याही वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर येत नाही.

तेव्हा महोत्सव येणार असेल तर तो येऊ द्यावा की नाही, हे मुंबईने ठरवू नये, पक्षाच्या जिल्हा कार्यालयानेही ठरवू नये. गावाच्या ग्रामसभेत, जेथे बायका ओट्याच्या कडेला न बसता मधे बसलेल्या असतील, तेथे प्रश्न ठेवावेत. झऱ्याचे पाणी त्या चार दिवसांत कोण वापरणार? प्रवेशशुल्कातला किती भाग ग्रामसभेच्या खात्यात, स्पर्धेच्या आधी, जमा होणार? वाटाड्याची मजुरी किती, आणि तो कड्यावरून घसरला तर दवाखान्याचे पैसे कोण देणार? गावातली पोरे शर्यतीत धावणार की नुसत्या पाण्याच्या बाटल्या वाटणार? उत्तरे कारभारी भाषेत नव्हे, पावरी-निहालीत, कोरकूत समजावून सांगितली जावीत आणि कागदावर अंगठ्याआधी ती वाचून दाखवली जावीत. स्पर्धा संपल्यावर आठ दिवसांनी त्याच ओट्यावर जमाखर्च वाचला जावा, आणि त्या सभेला संयोजकानेही गाडी करून यावे.