कानशिलाची शीर



मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण घरातल्या एका दुखण्यानं मला काही शब्दांच्या मागे लावलं. डॉक्टरांना विचारत, त्यांनी कंटाळून दिलेली पुस्तकं चाळत मी जे काही गोळा केलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्याकडे एखाद्याचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, की म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं.' आमच्या घरात म्हणायचे, 'फालिज पडली.' फालिज हा शब्द अरबी. ज्या धातूवरून तो आला, त्याचा अर्थ दुभंगणं, दोन भाग होणं. आपला अर्धांगवायू तरी काय वेगळं सांगतो? अर्धं अंग आणि वायू. म्हणजे काय झालं ते दोन्ही भाषांना दिसलं होतं. का झालं, ते कळेना, तेव्हा वाऱ्यावर ढकललं.

आता ते बहुतेक वेळा कळतं. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. मागे रक्तदाब असतो, मधुमेह असतो, तंबाखू असते, हृदयाचे ठोके बिघडलेले असतात. अशा वेळी पेशंटला ताबडतोब इस्पितळात न्यायचं असतं, कारण गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आपल्याकडे अजून काही ठिकाणी कबुतराचं रक्त चोळण्यात ते साडेचार तास निघून जातात. त्याबद्दल मी आज फार बोलणार नाही. बोलायचं आहे ते उरलेल्या थोड्या लोकांबद्दल, ज्यांच्या बाबतीत ही नेहमीची उत्तरं पुरी पडत नाहीत.

माझी खाला, म्हणजे आईची धाकटी बहीण, त्या थोड्यांपैकी एक. साल 2014. तिचं वय बहात्तर. राहायची सांगलीकडे. एके दिवशी म्हणाली, "डोक्याला फणी लावू देत नाही रे. केसांच्या मुळाशी आग होते." मग भाकरी चावताना जबडा भरून यायला लागला. दोन घास खाल्ले की थांबायची, जबड्याला विश्रांती द्यायची, मग पुन्हा दोन घास. अंगात कणकण असायची, वजन उतरत होतं. आम्ही काय केलं? जबडा दुखतो म्हणजे दात, असं म्हणून दाताच्या डॉक्टरकडे नेलं. नेणारा मीच होतो. दोन दाढा काढल्या. जबडा दुखायचा राहिला नाही.

मग एका दुपारी उजव्या डोळ्यापुढे पडदा आला आणि दहा मिनिटांनी गेला. तिनं तो कुणाला सांगितला नाही. नातीचं लग्न तोंडावर होतं. आठवड्यानं तो पडदा पुन्हा आला, तो गेलाच नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी चक्कर, उलट्या, चालताना तोल जाऊन एका बाजूला झुकणं. मोठ्या गावातल्या इस्पितळात नेलं. मेंदूच्या मागच्या भागात रक्तपुरवठा तुटला होता. रक्तदाब जेमतेम वाढलेला, साखर नाही.

तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मेंदूचे फोटो बाजूला ठेवले आणि खालाच्या कानशिलावर बोट फिरवलं. तिथली शीर दोरीसारखी ताठ झाली होती आणि तिच्यात ठोका लागत नव्हता. बाईंनी विचारलं, "आजी, जेवताना जबडा थकायचा का?" खालानं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं.

रक्ताचा ईएसआर शंभराच्या वर निघाला. त्याच संध्याकाळी स्टिरॉइड सुरू झालं आणि बाई म्हणाल्या, "कानशिलाच्या शिरेचा तुकडा काढून बायोप्सी करू."

श्रोतेहो, घरात काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलं असेल. खालाचा थोरला मुलगा उठून उभा राहिला. "बायोप्सी? म्हणजे अम्मीला कॅन्सर आहे!" एक नातेवाईक म्हणाले, "सुई लावली की पसरतो." दोन दिवस आम्ही सही केली नाही. बाई रोज येऊन समजावत होत्या. औषध चालू केलेलं असल्यामुळे त्या दोन दिवसांत खालाचं नुकसान झालं नाही. डोळा वाचवायचा तर बायोप्सीसाठी थांबायचं नसतं. औषध आधी द्यायचं, तुकडा मागून काढायचा. स्टिरॉइड सुरू झाल्यावरही आठवडा-दोन आठवडे शिरेतल्या खुणा पुसल्या जात नाहीत.

बायोप्सी या शब्दाचा आणि कॅन्सरचा मुळात काही संबंध नाही. ग्रीक भाषेत बायोस म्हणजे जीवन, ऑप्सिस म्हणजे पाहणं. 1879 साली एर्नेस्ट बेस्निए नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानं तो शब्द रूढ केला. मेल्यानंतर शरीर उघडून पाहण्याची रीत जुनीच होती. जिवंतपणी, उपचार करता येतील अशा वेळी पाहायचं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. कॅन्सरच्या भीतीनं तो बिचारा बदनाम झाला.

शेवटी सही झाली. कानाच्या पुढे, केसांच्या कडेला जागा बधिर केली, दीड-दोन इंचाची चीर घेतली आणि दोन सेंटिमीटर शीर काढून टाके घातले. अर्धा तास लागला असेल. लांब तुकडा का, असं मी विचारलं. कारण ऐकून थक्क झालो. हा आजार शिरेत सलग नसतो. थोडी शीर सुजलेली, मग थोडी चांगली, मग पुन्हा सुजलेली. छोटा तुकडा घेतला आणि नेमका चांगल्या जागेचा आला, तर रिपोर्ट निर्दोष येतो आणि आजार आत तसाच राहतो. तेव्हा 'बायोप्सीत काही निघालं नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा होतोच असं नाही.

खालाच्या तुकड्यात निघालं. पॅथॉलॉजिस्टनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू दिला. शिरेच्या आतल्या बाजूला एक नागमोडी लवचीक पट्टी असते, ती जागोजाग तुटली होती. तिच्या कडेला अवाढव्य पेशी बसल्या होत्या. अनेक पेशी एकमेकींत मिसळून एक झालेल्या, पोटात केंद्रकांची रांग. मधली वाट चिंचोळी होऊन केसाएवढी राहिलेली. आजाराचं नाव जायंट सेल आर्टेरायटिस. पन्नाशीच्या आत तो होत नाही म्हटलं तरी चालेल. उत्तर युरोपातल्या म्हाताऱ्या माणसांत तो बऱ्यापैकी दिसतो, आपल्याकडे क्वचित. क्वचित म्हणून आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणून दाढा जातात.

याचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. साधारण हजार वर्षांपूर्वी बगदादला अली इब्न ईसा नावाचे डोळ्यांचे वैद्य होते. त्यांना कह्हाल म्हणत, म्हणजे सुरमा घालणारा. डोकेदुखी आणि डोळ्यांची दुखणी यांचा कानशिलाच्या शिरांशी संबंध त्यांनी आपल्या ग्रंथात जोडला आहे, त्या शिरा काढून टाकण्याचा उपायही सांगितला आहे. 1890 साली लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी एका म्हाताऱ्याची हकिगत लिहिली. कानशिलाच्या शिरा इतक्या दुखत, की त्याला हॅट घालता येईना. आमच्या खालाला डोक्यावरचा पदर सहन होत नव्हता. पुढे 1932 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बेयार्ड हॉर्टन यांनी अशा दोन रुग्णांच्या शिरेचा तुकडा काढून आतली सूज पाहिली आणि हा एक स्वतंत्र आजार म्हणून मांडला. आता काही ठिकाणी तज्ज्ञ हात असेल तर सोनोग्राफीतच शिरेभोवती काळं कडं दिसतं आणि चीर घ्यावी लागत नाही.

मेंदूला झटका, पुरावा कानशिलात. ही गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून मी विचारत गेलो की असं आणखी कुठं घडतं का? तेव्हा कॅडासिल हे नाव कळलं.

1976 साली पॅरिसमध्ये मारी-जर्मेन बूसे या मेंदूविकारतज्ज्ञांकडे एक पन्नाशीचा रुग्ण आला. झटका आलेला, मेंदूत पसरलेले डाग, आणि रक्तदाब मात्र नाही. पुढे काही वर्षांनी त्याच्या मुलांच्या मेंदूतही तसेच डाग दिसू लागले. घराणंच तपासायला घेतलं. 1993 साली आजाराचा दोष एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे हे कळलं, 1996 मध्ये नॉच-3 हे जनुक हाती लागलं. हे काम करणाऱ्या चार जणांना 2019 साली ब्रेन प्राइझ मिळालं. भारतातही असे रुग्ण आढळले आहेत.

या आजारात तरुणपणी अर्धशिशी होते, तीही डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेघांसह. चाळिशी-पन्नाशीत छोटे छोटे झटके येतात, मन खचतं, पुढे स्मरण जातं. बिघाड मेंदूतल्या बारीक धमन्यांत. आणि गंमत अशी, गंमत म्हणवत नाही खरं तर, की तोच बिघाड दंडाच्या कातडीतल्या धमन्यांतही असतो. कातडीला काही होत नाही, ना डाग ना खाज. पण दंडावरून तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा काढला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर धमनीच्या स्नायुपेशींना चिकटलेले काळे दाणेदार ठिपके दिसतात. ते दिसले की निदान पक्कं. तुकडा मात्र खोल घ्यावा लागतो, कारण त्या धमन्या कातडीच्या तळाशी असतात. आणि नेहमीच्या फॉर्मलिनच्या बाटलीत न टाकता वेगळ्या द्रावणात ठेवावा लागतो. हे आधी ठरलं नसेल तर तुकडा वाया गेल्यातच जमा. आता पहिली तपासणी रक्तातून जनुकाची होते. तिचं उत्तर संदिग्ध आलं की कातडीची साक्ष काढतात.

पण खालाच्या तुकड्यात आणि या तुकड्यात एक मोठा फरक आहे. खालाच्या तुकड्यानं औषध दाखवलं. कॅडासिलला मुळावर घाव घालणारं औषध अजून नाही. रक्तदाब सांभाळायचा, तंबाखू सोडायची, एवढंच हातात. आणि हा आजार आईला किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. एकाच्या दंडाचा तुकडा म्हणजे सगळ्या भावंडांची, त्यांच्या मुलांची वार्ता. त्यातल्या ज्याला आज काही होत नाही, त्याला ती ऐकायची आहे का? नको असेल तर नको म्हणण्याचा हक्क त्याला आहे. म्हणून तपासणीआधी समुपदेशन करतात आणि लहान मुलांची तपासणी सहसा करत नाहीत. मी त्या जागी असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. कधी वाटतं विचारून टाकावं, कधी वाटतं राहू द्यावं.

आणखीही आहेत. मेलास नावाच्या, आईकडून येणाऱ्या आजारात तरुण मुलांना झटक्यासारखे हल्ले येतात, आणि खूण मिळते ती मांडीच्या किंवा दंडाच्या स्नायूत, लाल फाटक्या कडांच्या तंतूंच्या रूपानं. एक दुर्मिळ लिंफोमा फक्त रक्तवाहिन्यांच्या आत वाढतो. तिथं निरोगी दिसणाऱ्या कातडीचे तुकडे घेऊन शोध घेतात. आणि कधी सूज मेंदूतल्याच वाहिन्यांत असते, बाहेर कुठंच नाही. मग कवटीला भोक पाडून मेंदूचं आवरण आणि वरचा थर यांचा कणभर भाग काढावा लागतो, शक्यतो बोलण्या-चालण्याला धक्का लागणार नाही अशा जागेचा. ऐकूनच घाम फुटतो. पण वर्षानुवर्षं जड औषधं द्यायची, तर ती कशासाठी हे कळायला हवं. सूज समजून शोधायला जावं आणि टीबी निघावा, असंही होतं. दोन्हींचे उपचार वेगळे.

खालाचा डोळा परत आला नाही. तोल सावरला, जबडा मोकळा झाला, आणि दोन दाढा नसतानाही ती भाकरी खाऊ लागली. टाके काढायच्या दिवशी तिनं कानशिलावर हात फिरवत मला विचारलं, "कपाळावर लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही म्हणतात ना रे? तुझ्या डॉक्टरीणबाईनं तर कापून नेऊन वाचलं." सगळा वॉर्ड हसला. मी हसलो नाही. मला दाताच्या डॉक्टरकडची ती खुर्ची दिसत होती.

ती 2021 मध्ये गेली, दुसऱ्याच कारणानं. एक गोष्ट त्या पॅथॉलॉजिस्टनी सांगितली होती, ती तुम्हालाही सांगतो. बायोप्सीचा कागद जपताच, पण तुकडा मेणात बसवलेला ब्लॉक आणि काचपट्ट्याही प्रयोगशाळेकडून मागून घेता येतात. पुढे कुणाला दुसरं मत हवं असेल, नवी तपासणी निघाली असेल, तर तोच तुकडा पुन्हा कापून पाहता येतो. खालाचा ब्लॉक माझ्याकडे आहे. बोटाच्या पेरापेक्षा लहान, पिवळसर मेण, मध्ये तांबूस कडी. तिच्या फाइलबरोबर, सुरम्याच्या रिकाम्या डबीत ठेवला आहे.